घशात खवखव म्हणून सोडून देऊ नका

पुण्याच्या प्रदूषणावरचा तुमचा लेख वाचला. त्यात हवेतले पीएम २.५ कण, म्हणजे अतिसूक्ष्म धूलिकण, फुफ्फुसात खोलवर जातात एवढंच आलंय. वाटेत ते काय करतात तेही यायला हवं होतं. श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशींवर सूक्ष्म केस असतात. कफात अडकलेली धूळ ते सतत घशाकडे ढकलतात. अशा कणांतल्या डिझेलच्या काजळीने या केसांचं काम मंदावतं, पेशींमधले सांधे सैल होतात, सूज येते, कफ वाढतो. आमच्या शेजारचे रिक्षावाले काका दिवसभर स्वारगेटच्या धुरात असतात, सकाळी बेसिनपाशी बराच वेळ खाकरत उभे राहतात. फार वाईट वाटतं. पीएम २.५ साठी जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम, आपली भारताची ४०! निदान शाळांनी तरी हवेचा निर्देशांक बघूनच मुलांना मैदानावर सोडावं.