करमणुकीची हजेरी

माझ्या फोनच्या पहिल्या पानावर दोन फोल्डर आहेत. एकाचं नाव ‘काम’, दुसऱ्याचं ‘टाइमपास’. नावं मीच दिली, तीही पूर्ण शुद्धीवर असताना. आता परिस्थिती अशी आहे की ‘काम’ उघडलं की मी तासन्‌तास रमतो आणि ‘टाइमपास’ उघडायची वेळ झाली की पोटात गोळा येतो.

आधी कामाचं सांगतो, कारण मजा तिकडे जास्त आहे.

कामांची यादी करायचं माझं ॲप हे अख्ख्या फोनातलं सगळ्यात देखणं ॲप. प्रत्येक कामाला रंग देता येतो, झेंडा लावता येतो, लेबल चिकटवता येतं, मोठ्या कामाच्या पोटात छोटी कामं घालता येतात. मध्यंतरी त्यात ‘कपाट आवरणे’ हे काम टाकलं. नुसतं तेवढं लिहून कसं भागणार? म्हणून वरचा कप्पा, मधला कप्पा, खालचा कप्पा अशी पोटकामं केली. वरच्या कप्प्याला लाल रंग, कारण त्यात काय आहे हे घरात कुणालाच ठाऊक नाही. मधल्याला पिवळा. खालच्याला हिरवा द्यायचा होता, पण हिरव्यात इतक्या छटा निघाल्या की संध्याकाळ तिथेच झाली. मग रविवार सकाळची वेळ, पंधरा मिनिटं आधी आठवण आणि शोभेला कपाटाचं एक चिमुकलं चित्र. सगळं जमून आल्यावर मी मागे रेललो आणि त्याकडे बघत राहिलो. एक काम हातावेगळं केल्याचं सुख काही वेगळंच. कपाटाला मात्र यातलं काहीच कळवण्यात आलेलं नाही.

बायको याला आळस म्हणते. पण विज्ञान माझ्या बाजूने आहे. ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ साली लिहून ठेवलंय की पुरी झालेली कामं माणसाच्या तितकीशी लक्षात राहत नाहीत, अर्धवट राहिलेली मात्र डोक्यात ठाण मांडून बसतात. २०११ साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी याच्या पुढची पायरी गाठली. त्यांचं म्हणणं असं की ती टोचणी थांबायला काम पुरं करायची गरजच नाही; ते कधी, कसं करायचं याचा नेमका बेत आखला तरी पुरे. बेत! लाल, पिवळा, हिरवा! मी हे बायकोला मोठ्याने समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग दार उघडलं की माझ्या अंगावर पडतं ते काय असतं?” त्या संशोधनात कपाटाची बाजू विचारात घेतलेली नाही, हे मान्य करायला हवं.

याच ॲपमध्ये मुदत उलटलेली सगळी कामं एका फटक्यात पुढच्या तारखेवर ढकलायचं एक बटण आहे. ज्या कुणाला ते सुचलं, त्याने माणसाचा स्वभाव नीट अभ्यासलाय. रात्री झोपण्यापूर्वी मी ते दाबतो आणि दिवसभराची थकबाकी निघून जाते. दुसरी सोय माझी स्वतःची आहे. एखादं काम आधी होऊन गेलं असेल तर ते मागाहून यादीत टाकायचं आणि लगेच त्यावर खूण करायची. ‘दाढी करणे’ लिहिलं, टिचकी मारली, टिंग वाजलं, पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उधळले. दाढी केल्याबद्दल माझं इतकं कौतुक आयुष्यात कुणी केलेलं नाही. हा उद्योग मी एकटाच करतो असं वाटत होतं. पण ऑफिसात आडून चौकशी केली, तर खाली मान घालणारे बरेच निघाले.

मग लक्ष लागावं म्हणून असलेली ॲपं. पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती ही पोमोडोरो पद्धत फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन माणसाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थिदशेत काढली. त्याच्याकडे होता स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा एक टायमर. बिचाऱ्याला पर्यायच नव्हता. त्याने चावी फिरवली आणि तो अभ्यासाला बसला. मला मात्र आधी टायमरची ॲपं तुलनेला घ्यावी लागली. एकात टिकटिक फार कोरडी, एकात पाऊस पडतो पण सारखा एकाच ठिकाणी पडतो, एकात रंगसंगती उदास. हे सगळं पारखून निवड होईतो ज्या कामासाठी टायमर हवा होता ते दुसऱ्या कुणीतरी करून टाकलं. आता त्या पद्धतीतली पाच मिनिटांची विश्रांती मी अत्यंत काटेकोरपणे पाळतो.

झाडवालं ॲप त्याहून निर्दयी. काम सुरू करताना त्यात एक रोप लावायचं. मध्येच दुसरीकडे भटकायला गेलात तर रोप वाळून मरतं. कल्पना सुंदर आहे, फक्त माझ्यासारख्यांच्या हाती रोपं द्यायला नको होती. लोकांची हिरवीगार वनं पडद्यावर डोलतात. माझ्याकडे वणवा लागून गेलेला मुलूख आहे, आणि तो तारीखवार जपून ठेवलेला आहे.

नोंदींच्या ॲपबद्दल मी फार बोलत नाही. तिथे माझ्याच हाताने लिहिलेलं आहे: ‘मधला स्क्रू नाही. तो दुसरा.’ दुसऱ्या ठिकाणी: ‘गुरुवारी विचार, पण असं नको.’ कुणाला विचारायचं, कसं नको, काही पत्ता नाही. पण शोधायची सोय अप्रतिम आहे. ‘स्क्रू’ टाइप करा, क्षणात ती ओळ समोर.

पावलं मोजणारं ॲप नक्की कुठल्या फोल्डरचं, हा वाद अजून मिटलेला नाही. रोजची दहा हजार पावलं हा आकडा डॉक्टरांनी ठरवला असेल असं मी धरून चाललो होतो, अक्षरशः चालत होतो. मूळ निघालं जपानात: १९६५ साली, टोकियो ऑलिंपिकच्या पुढच्या वर्षी, एका कंपनीने कमरेला लावायचं पाऊलमोजणी यंत्र विकायला काढलं आणि त्याच्या नावातच दहा हजार पावलं घातली. आकडा गोल होता, तो जगभर गेला. २०१९ साली अमेरिकेत वयस्कर स्त्रियांवर झालेल्या एका अभ्यासात तर फायदा ७,५०० च्या आसपासच थबकतो असं दिसलं. पण ते ॲपला कोण सांगणार? रात्री झोपायच्या बेताला ते दाखवतं, ‘फक्त थोडीच पावलं बाकी!’ आणि मी पलंगाभोवती प्रदक्षिणा घालू लागतो.

यातली खरी वेदना वेगळी आहे. पावलं मोजतो तो फोनातला हालचाल टिपणारा सेन्सर. म्हणजे फोन टेबलावर ठेवून मी घरभर हिंडलो तर ते चालणं वाया. एकदा जिना चढून वर गेलो आणि फोन खाली राहिल्याचं लक्षात आलं. उतरलो, फोन घेतला आणि तोच जिना हिशेबात येण्यासाठी पुन्हा चढलो. वर काय काम होतं ते मात्र आठवेना. मुलीने यावर तोडगा काढला. तिने माझा फोन हातात घेतला, वेब सिरीज बघता बघता तालात हलवला आणि जाहिरात येण्याच्या आत मला बरंच लांब फिरवून आणलं. “बाबा, तू आज खूप चाललास,” म्हणाली. ॲपनेही अभिनंदन केलं. नाही म्हटलं तरी बरं वाटलं.

कॅल्क्युलेटरबद्दल मात्र मला नितांत आदर आहे. त्याने आजवर माझं स्वागत केलेलं नाही, पाच तारे मागितलेले नाहीत, ‘बरेच दिवसांत भागाकार केला नाहीत’ असा टोमणा मारलेला नाही. टॉर्चही तसाच सज्जन. पूर्वी त्याची वेगळी ॲपं मिळायची आणि त्यांच्यातल्या एकावर २०१३ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने कारवाई केली होती, कारण ते वापरणाऱ्याचा ठावठिकाणा परस्पर जाहिरातवाल्यांना पुरवत होतं. अंधारात आपण कुठे आहोत हे आपल्याला दिसावं म्हणून टॉर्च लावायचा, तर तो भलत्यांनाच दाखवत होता. आताचा, फोनबरोबर आलेला, फक्त उजेड पाडतो.

आता ‘टाइमपास’.

पूर्वी खेळ संपायचा. १९९७ च्या नोकिया ६११० मधला साप आठवा. तो लांब होत जायचा, आपल्याच शेपटीला तोंड मारायचा, संपलं. मरण स्वच्छ होतं. आताच्या खेळात मरण असं नाही, तिष्ठणं आहे. कँडी क्रशने २०१२ पासून जगाला ही शिस्त लावली: पाच जीव मिळणार, ते संपले की एकेक जीव परत यायला अर्धा तास. अशी वाट बघायला लावायची रीत आता बऱ्याच खेळांत आहे. माझ्याकडच्या एका खेळात शेत आहे. पीक पेरलं की चार तासांनी काढायचं, नाहीतर करपतं. रात्री अकराला पेरलं तर तीनला कापणी. हाडाचा शेतकरीसुद्धा रात्री तीनला उठून कापणी करत नसेल. मी उठतो. उजेड डोळ्यांवर नको म्हणून पांघरुणात शिरतो आणि तिथे कापणी करतो.

स्पॅनिश शिकायचं ॲप मी हौसेने घेतलं. ते म्हणतं, रोज एक धडा, खंड पडता कामा नये. खंड न पाडण्याची ही जी साखळी असते तिची एवढी धास्ती बसलीय की लोकांकडे जेवायला बसलेलं असतानाही बाराच्या आत मी हात धुवायच्या निमित्ताने आत जातो आणि कडी लावून क्रियापदं चालवतो. बाहेर लोकांना वाटतं, याला काहीतरी सोसलं नाही. इतक्या निष्ठेनंतर मला स्पॅनिशमध्ये ‘माझ्या काकांच्या हत्तीकडे छत्री आहे’ हे बिनचूक सांगता येतं. पाणी कसं मागायचं तो धडा पुढे आहे.

त्यातल्या त्यात माणुसकी दिसली ती वर्डलमध्ये. जॉश वॉर्डलने आपल्या जोडीदारासाठी केलेला शब्दांचा हा खेळ त्याने २०२१ च्या ऑक्टोबरात सगळ्यांसाठी खुला केला. दिवसाला एकच कोडं. सुटो न सुटो, पुढचं उद्या. पाहुण्याला वेळेवर निरोप देणारं हे बहुधा एकमेव घर. बाकी सगळीकडे बोटाने वर सरकवत राहावं तर पान संपतच नाही. हा न संपणारा सरकता पडदा एझा रॅस्किनने २००६ मध्ये काढला आणि पुढे त्याला स्वतःलाच त्याचं वाईट वाटलं. त्याची मुलाखत मी पूर्ण बघितली. खाली दुसरी होती, तीही बघितली.

पण या सगळ्यांवर ताण आहे तो लढाईच्या खेळाचा. त्यात एकट्याने खेळून भागत नाही, टोळीत भरती व्हावं लागतं. आमच्या टोळीचा एक प्रमुख आहे. आवाज नुकताच फुटतोय, त्यावरून नववीत असावा. दर शनिवारी टोळीयुद्ध असतं आणि त्याला प्रत्येकाने हजर राहायचं. एका शनिवारी मी नव्हतो. रविवारी सकाळी आठला त्याचा मेसेज.

“काल कुठे होतास?”

“ताप होता,” मी लिहिलं.

“बोटांना होता का?”

मी ऑफिसात वीस माणसांचा साहेब आहे. मला हे बोलायची तिथे कुणाची टाप नाही. तरी अंगठे थरथरले. “पुन्हा होणार नाही,” असं लिहून पाठवलं. तेव्हापासून शनिवारी कुठे जायचं असलं की मी शुक्रवारीच टोळीत रजेचा अर्ज टाकतो, कारणासह. ऑफिसची रजा त्या मानाने पटकन मंजूर होते. तिथे मला लोक विचारत नाहीत की बदली कोण.

आठवड्याचा आढावा घेणारी सोय २०१८ पासून फोनांतच आली आहे. मी किती वेळ कशात घालवला याचे रंगीत खांब दर रविवारी समोर येतात. तिचं गणित मोठं उदार आहे. हिरव्याच्या छटा निवडण्यात गेलेली संध्याकाळ ‘उत्पादकता’ या सदरात जमा होते. तो खांब इतका उंच होता की मी त्याचा स्क्रीनशॉट बायकोला पाठवला. तिने उत्तरादाखल फक्त अंगठा पाठवला. अंगठ्यात किती उपहास मावतो ते लग्न झालेल्यांना वेगळं सांगायला नको. याच सोयीत खेळाला रोजची मर्यादाही घालता येते. मर्यादा संपली की पडदा करडा होतो आणि खाली नम्रपणे पर्याय येतो: ‘आजच्यापुरतं दुर्लक्ष करा.’ माझा अंगठा आता त्या जागी डोळे मिटूनही पडतो.

गेल्या पंधरवड्यात एक नवीनच प्रकार झाला. प्रमुखाचा मेसेज आला: “सहामाही आहे, आईने फोन काढून घेतलाय, हा ताईच्या फोनवरून पाठवतोय. टोळी तू सांभाळ. तुझी हजेरी चांगली आहे.” शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ऑफिसात बढतीचं पत्र आलं तेव्हा असं झालं नव्हतं.

लगेच ‘काम’ फोल्डर उघडलं. टोळीतल्या प्रत्येकाच्या नावापुढे शनिवारचा रकाना केला. हजर असेल त्याला हिरवा (गडद छटा, ती आता ठरलेली आहे), उशिरा आला तर पिवळा, गैरहजर लाल. सगळ्यांना शुक्रवारी आठवण जाते. आजवर ज्यांनी एकही युद्ध चुकवलं नाही, त्यांच्या नावाला झेंडा आहे. पहिल्याच शनिवारी दोघे जण लाल निघाले. एकाचं नेट गेलं होतं. त्याला समज देऊन सोडला. दुसऱ्याने लिहिलंय, “कंटाळा आला होता, सहज बाहेर पडलो.”

त्याला मी लेखी खुलासा मागितला आहे.