‘फेमा आहे ना, मग रेंटर्स इन्शुरन्स कशाला?’ गॅलव्हेस्टनच्या भाडेकरूंना मिळणारा महागडा सल्ला

टेक्सासच्या किनाऱ्यावर, म्हणजे गॅलव्हेस्टन बेटावर किंवा पलीकडे लीग सिटीत, भाड्याने राहायला आलेल्या मराठी मंडळींना रेंटर्स इन्शुरन्सबद्दल (भाडेकरूने स्वतःच्या सामानासाठी घ्यायचा विमा) एक सल्ला हमखास मिळतो. व्हॉट्सॲपवर तो थोड्याफार फरकाने असा फिरतो: ‘रेंटर्स इन्शुरन्स म्हणजे पैसे पाण्यात. इमारतीचा विमा मालकाचा असतोच. लीजमध्ये मागतात म्हणून कॉम्प्लेक्सवाल्यांचाच दहा-पंधरा डॉलरवाला प्लॅन घ्या. गावाला सीवॉल (समुद्राचं पाणी अडवणारी भिंत) आहे. तरी काही झालंच तर फेमा (केंद्र सरकारची आपत्ती-मदत संस्था) देते. फारच धास्ती वाटली तर वादळाला नाव पडलं की ऑनलाइन पॉलिसी घ्या, दहा मिनिटांचं काम.’

मालकाचा विमा आणि कॉम्प्लेक्सचा प्लॅन लवकर उरकू. मालकाची पॉलिसी भिंती, छप्पर, गालिचा आणि त्याने दिलेला फ्रिज यांच्यासाठी असते. तुमची गादी, लॅपटॉप, कपाटातल्या पैठण्या यांच्याशी तिचा संबंध नाही. कॉम्प्लेक्सवाल्यांचा तो प्लॅन तर अनेकदा विमा नसतोच, ती ‘लायबिलिटी वेव्हर’ असते. तुमच्या हातून आग लागली, नळ वाहता राहिला, तर मालकाचं नुकसान त्यातून भरून निघतं. पैसे तुम्ही भरता, संरक्षण मालकाला मिळतं. कागदावर ‘पर्सनल प्रॉपर्टी’समोर किती रक्कम आहे ते बघा. शून्य असेल तर बाहेरून स्वतःची पॉलिसी घ्या आणि कॉम्प्लेक्सचं नाव ‘इंटरेस्टेड पार्टी’ म्हणून टाका. लीजची अट बहुतेक वेळा तेवढ्याने पुरी होते. रूममेट असाल तर प्रत्येकाची पॉलिसी वेगळी. एकाच्या पॉलिसीत दुसऱ्याचं सामान आपोआप येत नाही.

आता वाऱ्याचं. निरोप लिहिणाऱ्याला ही अडचण बहुधा ठाऊकच नसावी. रेंटर्स पॉलिसीत आग, चोरी, वीज पडणं यांबरोबर वादळी वाऱ्याचं नुकसान धरलेलं असतं, हे देशात बहुतेक ठिकाणी खरं आहे. पण टेक्सासचे 14 किनारी काउंटी (जिल्हे) आणि हॅरिस काउंटीचा हायवे 146 च्या पूर्वेकडचा भाग इथे खासगी कंपन्या बऱ्याचदा वारा आणि गारा पॉलिसीतून काढून टाकतात. गॅलव्हेस्टन काउंटी या 14 मध्ये येतो. डेक्लरेशन पेजवर (पॉलिसीचा सारांश देणारं पहिलं पान) ‘विंडस्टॉर्म, हरिकेन अँड हेल एक्सक्लूजन’ अशी ओळ असेल तर हरिकेनने खिडकी फोडून घराची वाट लावली तरी ती पॉलिसी एक सेंट देणार नाही. हॉटेलचा खर्चही नाही, कारण ‘लॉस ऑफ यूज’ हा भाग पॉलिसीत धरलेल्या कारणाने घर निकामी झालं तरच लागू होतो.

ही उणीव भरायला टेक्सास विंडस्टॉर्म इन्शुरन्स असोसिएशन, म्हणजेच ट्विया, आहे. ती फक्त वारा आणि गारांचा विमा देते आणि भाडेकरूच्या सामानालाही देते. एजंटमार्फत अर्ज करायचा, निदान एका कंपनीने वाऱ्याचा विमा नाकारलेला असावा लागतो, आणि इमारत ट्वियाच्या नियमांत बसावी लागते. नव्या इमारतींना वाऱ्याच्या तपासणीचं प्रमाणपत्र लागतं, ते मालकाकडे असतं, म्हणून लीजवर सही करण्याआधीच मागा. एजंटला आणखी दोन प्रश्न विचारा: बाहेर राहण्याचा खर्च यात आहे का, आणि वाऱ्याने आत ढकललेल्या पावसाचं काय? दोन्हीसाठी पुरवणी लागू शकते. साधारण नियम असा की वाऱ्याने आधी छप्पर किंवा भिंत फोडली आणि त्या भोकातून पाऊस आला तर भरपाई. दाराच्या फटीतून, खिडकीच्या चौकटीतून झिरपलं तर नाही.

‘गावाला सीवॉल आहे.’ आहे खरी. 1900 च्या वादळात किमान 6,000 माणसं गेली, त्यानंतर ती बांधायला घेतली. उंची सुमारे 17 फूट, लांबी 10 मैलांच्या आसपास. पण ती समुद्राकडच्या बाजूला आहे आणि बेटाच्या पश्चिम टोकापर्यंत पोचत नाही. 13 सप्टेंबर 2008 ला आयक आलं ते दुसऱ्याच श्रेणीचं हरिकेन. पाणी मुख्यतः भिंतीवरून नाही, तर मागून, खाडीच्या बाजूने, गावात शिरलं. श्रेणी वाऱ्याच्या वेगावरून ठरते, पाणी किती चढेल ते तिच्यावरून कळत नाही. ‘कॅटेगरी दोनच आहे’ म्हणून निवांत बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

हे खाडीतून आलेलं पाणी विम्याच्या भाषेत ‘फ्लड’ असतं. ते रेंटर्स पॉलिसीत नसतं आणि ट्वियातही नसतं. आयकनंतर ट्वियाविरुद्ध ढिगाने दावे झाले, त्यातला मोठा वाद हाच होता: घर आधी वाऱ्याने मोडलं की पाण्याने? फ्लडची पॉलिसी नसलेल्याला हा वाद जड जातो, कारण कित्येक पॉलिसींत वारा आणि पाणी यांनी मिळून नुकसान केलं तर पाण्याचा अपवाद पुढे करायची सोय असते. म्हणून तिसरी पॉलिसी फ्लडची. केंद्र सरकारच्या एनएफआयपीकडून (राष्ट्रीय पूरविमा योजना) भाडेकरूला फक्त सामानाचा विमा घेता येतो, कमाल 1,00,000 डॉलर. तिच्या खोडी आधीच समजून घ्या. सामानाला घसारा वजा करून किंमत मिळते, नव्याची नाही. हॉटेलचा खर्च मिळत नाही. दागिने, कलावस्तू वगैरे सगळं मिळून 2,500 डॉलरची मर्यादा. क्लेमचा सहीचा तपशील 60 दिवसांत द्यावा लागतो. गाडी यात येत नाही, पाण्यात गेलेल्या गाडीसाठी ऑटो पॉलिसीत ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ (टक्कर सोडून इतर नुकसानाचं संरक्षण) हवं.

तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने फ्लड घ्यावी का? सामान वर आणि गाडीला कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर आमच्या मते ते पैसे ट्वियाकडे वळवावेत. तळमजल्यावर असाल तर मात्र झोन ‘एक्स’ (पुराचा धोका कमी मानलेला भाग) असला तरी घ्या. फेमाच्या फ्लड मॅपवर पत्ता टाकला की झोन कळतो. 2022 पासून टेक्सासमध्ये मालकाला दोन गोष्टी लेखी सांगाव्या लागतात: घर शंभर वर्षांच्या पूररेषेत आहे का, आणि गेल्या पाच वर्षांत तिथे पाणी शिरलं होतं का. तो कागद मागून घ्या.

‘फेमा देते.’ एच-1बी, एफ-1, एल-1 वाल्यांनी हे नीट वाचावं. फेमाची रोख मदत अमेरिकन नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि आणखी काही ठरावीक गटांनाच मिळते. तात्पुरत्या व्हिसावरचा माणूस त्यात बसत नाही. घरात अमेरिकेत जन्मलेलं मूल असेल तर त्याच्या नावाने अर्ज करता येतो, पण नुसतं जोडपं असेल तर ती वाट बंद. तात्पुरता निवारा आणि अन्न मिळतं, सोफा आणि लॅपटॉप नाही. पात्र असलात तरी आधी राष्ट्राध्यक्षांनी त्या काउंटीसाठी वैयक्तिक मदतीसह आपत्ती जाहीर करावी लागते. ऑक्टोबर 2024 पासूनच्या आपत्तींसाठी घराची आणि इतर गरजांची कमाल मर्यादा प्रत्येकी 43,600 डॉलर होती. ती कमाल आहे, हातात पडणारी रक्कम साधारणपणे तिच्या जवळपासही नसते.

आणि तो दहा मिनिटांचा प्रकार म्हणजे शुद्ध तहान लागल्यावर विहीर खणणं. हरिकेन आखातात शिरलं की ट्विया नवी पॉलिसी देत नाही आणि जुनीची रक्कमही वाढवत नाही. खासगी कंपन्याही वादळ जवळ आलं की विक्री थांबवतात. एनएफआयपीची पॉलिसी घेतल्यापासून साधारण 30 दिवसांनी लागू होते, आणि काँग्रेसची मंजुरी संपली की नवी विक्रीच बंद पडते, 2025 च्या ऑक्टोबरात झाली तशी. हंगाम 1 जूनला सुरू होतो, म्हणजे एप्रिल संपायच्या आत पैसे भरून मोकळे व्हा.

रक्कम ठरवताना अंदाजपंचे 10,000 लिहू नका. फोनवर व्हिडिओ काढत प्रत्येक कपाट आणि खण उघडा, लॅपटॉप-टीव्हीचे सिरियल नंबर टिपा, सगळं क्लाउडवर ठेवा आणि मग बेरीज करा. ‘रिप्लेसमेंट कॉस्ट’ (नव्या वस्तूची किंमत) निवडा. त्यातही आधी घसारा कापून चेक येतो, उरलेले पैसे नवी वस्तू घेतल्याची पावती दिल्यावर. डिडक्टिबल (नुकसानातला तुम्ही स्वतः सोसायचा वाटा) टक्क्यांत असेल तर ते कशाचे टक्के हे विचारा. सोन्यासाठी वेगळा विचार हवा: नेहमीच्या फॉर्ममध्ये दागिन्यांच्या चोरीला साधारण 1,500 डॉलर आणि वळी-नाण्यांना 200 डॉलर एवढीच मर्यादा असते. पाटल्या-बांगड्यांचं मूल्यांकन करून त्या ‘शेड्यूल’ करा, म्हणजे पॉलिसीत किमतीसह त्यांची वेगळी नोंद करा, आणि गाव सोडताना बरोबर न्या.

गाव सोडतानाच्या हॉटेलबद्दलही गैरसमज आहे. वादळ यायच्या आधी सक्तीने बाहेर काढलं तर तो खर्च बहुतेक पॉलिसींत मिळत नाही. नंतर घर राहण्याजोगं उरलं नाही तर मिळतो, तोही फक्त वाढीव. भाडं 1,500 होतं आणि महिन्याचं हॉटेल 2,900 झालं, तर भाडं थांबलेलं असताना कंपनी 1,400 देते. भाडं आपोआप थांबतही नाही. घर पूर्ण निकामी झालं असेल तर टेक्सासच्या कायद्याने भाडेकरूला लीज संपवता येतं, पण त्यासाठी दुरुस्ती पुरी व्हायच्या आत मालकाला लेखी नोटीस द्यावी लागते. तिची प्रत क्लेमच्या फाइलीत लावा, ॲडजस्टर (नुकसान तपासायला येणारा कंपनीचा माणूस) ती मागतो.