खांदा निखळला, पण कोणाचा?

‘खांदा निखळला तर हे करा’ अशा मथळ्याचा एक मजकूर बरेच महिने व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे. एकाच महिन्यात दोन पेशंटनी तो मला मोबाईलवर दाखवला. एक १९ वर्षांचा कबड्डीतला चढाईपटू, दुसऱ्या न्हाणीघरात घसरून पडलेल्या ६२ वर्षांच्या काकू. दोघांनीही तो मनापासून पाळला होता आणि दोघांचंही नुकसान झालं होतं. मजकुरात चार गोष्टी ठामपणे सांगितल्या आहेत: हाताला झटका देऊन सांधा लगेच बसवा, मग हात सहा आठवडे गळ्यात बांधून ठेवा, म्हणजे पुन्हा निखळणार नाही, एकदा निखळलेला खांदा आयुष्यभर निखळतोच, म्हणून वय कितीही असो, दुर्बिणीतून ऑपरेशन उरकून घ्या, आणि ऑपरेशन नको असेल तर महिनोन्महिने रोज फिजिओथेरपी करा. एकेक बघू.

झटक्याचं आधी, कारण तिथे तासाभरात नुकसान होतं. खुब्याचा गोळा खोल वाटीत बसलेला असतो, खांद्याचा मात्र जवळजवळ बशीवर टेकलेला. म्हणून हात सगळीकडे फिरतो आणि म्हणूनच तो निसटतो, बहुतेक वेळा पुढच्या बाजूला. निसटताना हाडाचा कपचा उडालेला असू शकतो, दंडाच्या हाडाची मान मोडलेली असू शकते. वयस्कर माणसात ही शक्यता जास्त. नुसता निखळलेला खांदा आणि हाडही मोडलेला खांदा, बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. मोडलेल्या हाडाला हिसका बसला की साधं प्रकरण मोठ्या ऑपरेशनवर जातं. म्हणून आधी एक्स-रे. फेफरं आल्यावर किंवा विजेचा धक्का बसल्यावर खांदा मागच्या बाजूलाही निखळतो, आणि तो समोरून काढलेल्या एकाच एक्स-रेत सहज सुटून जातो. दुसऱ्या कोनातूनही फोटो काढायला सांगा. सांधा बसवतानाही झटका लागतच नाही. स्नायू सैल सोडवून, सावकाश वळवत तो बसवतात.

आता सहा आठवडे बांधून ठेवणं. याच्यावर लोकांचा फार विश्वास आहे, आणि तो समजण्यासारखा आहे: हाड मोडलं की प्लास्टर, मग सांधा निसटला की पट्टी. पण इथे जुळायचं असतं ते हाड नाही. खोबणीच्या, म्हणजे त्या बशीच्या, पुढच्या कडेची मऊ किनार, लॅब्रम, तिथून सुटलेली असते. बँकार्ट या ब्रिटिश शल्यविशारदाने १९२३ मध्ये ही इजा दाखवून दिली. हात छातीशी बांधल्याने ती किनार जागेवर येऊन चिकटतेच असं नाही. स्वीडनमध्ये होव्हेलियस आणि सहकाऱ्यांनी १९७८-७९ मध्ये २७ रुग्णालयांतले, पहिल्यांदाच खांदा निखळलेले १२ ते ४० वयाचे रुग्ण घेतले. काहींचा हात तीन-चार आठवडे बांधला, काहींना त्रास कमी होताच वापरू दिला. पंचवीस वर्षं पाठपुरावा केला, पण पुन्हा निखळण्याच्या प्रमाणात बांधण्याने फरक पडला नव्हता. २०१० मध्ये वेगवेगळ्या अभ्यासांचे आकडे एकत्र केले गेले. तिशीच्या आतल्यांत आठवडाभर किंवा त्याहून कमी बांधलेल्यांपैकी ४१ टक्क्यांचा खांदा पुन्हा अस्थिर झाला, तीन आठवडे किंवा जास्त बांधलेल्यांपैकी ३७ टक्क्यांचा. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक नाहीच. जपानच्या इतोई यांनी हात आत न बांधता बाहेरच्या दिशेने वळवून बांधला, तेव्हा २००७ मध्ये आशादायक निकाल आले होते; पण नंतर इस्राएल आणि नॉर्वेतल्या चाचण्यांत तो फायदा दिसला नाही.

दुखणं उतरेपर्यंत, साधारण आठवडा ते तीन आठवडे, झोळी वापरावी. हाड मोडलेलं असेल तर डॉक्टर वेगळं सांगतील. आमच्या काकूंनी पूर्ण सहा आठवडे हात हलवला नाही. त्या आल्या तेव्हा त्यांचा हात कानापर्यंतही जात नव्हता.

तिसरा दावा, आयुष्यभर निखळण्याचा. मजकुरातलं हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकतं, कारण ते काहींच्या बाबतीत बरंचसं खरं आहे आणि तरीही सगळ्यांना लावलेलं आहे. एडिंबरा इथे रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी १५ ते ३५ वयाचे २५२ रुग्ण ऑपरेशनविना पाहिले. दोन वर्षांत ५५.७ टक्के आणि पाच वर्षांत ६६.८ टक्के रुग्णांत खांदा अस्थिर झाला. तरुण मुलगे सर्वाधिक. पण स्वीडनच्या त्याच पंचवीस वर्षांच्या अभ्यासात निम्म्या खांद्यांना एक तर पुन्हा काही झालं नव्हतं, किंवा मधे निसटून ते आपोआप स्थिरावले होते. पहिल्याच वेळी सरसकट ऑपरेशन केलं असतं, तर या निम्म्यांना कशासाठी कापलं असतं?

याचा अर्थ ऑपरेशन वाईट असाही नाही. रॉबिन्सन यांच्याच २००८ च्या चाचणीत ३५ वर्षांखालच्या ८८ जणांपैकी काहींची किनार दुर्बिणीतून शिवली, काहींचा सांधा नुसता धुतला, आणि कोणाचं काय केलं हे रुग्णाला सांगितलं नाही. शिवलेल्यांत दोन वर्षांत पुन्हा निखळण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. अंगाला अंग भिडणारे खेळ खेळणाऱ्या विशीतल्या मुलाशी म्हणूनच पहिल्या वेळेनंतरही ऑपरेशनबद्दल मोकळेपणी बोलायला हवं, आणि दुसऱ्यांदा निखळला तर नक्कीच. वाट बघण्याचीही किंमत असते. दर वेळी खोबणीची कड थोडी झिजते, गोळ्याला मागून खळगा पडतो. बर्कहार्ट आणि डी बीर या शल्यविशारदांनी २००० मध्ये १९४ ऑपरेशनांचा हिशोब मांडला: हाड शाबूत असलेल्यांत दुर्बिणीची शिवण ४ टक्क्यांत फसली, हाड बरंच झिजलेल्यांत ६७ टक्क्यांत. आमच्या चढाईपटूने सहा आठवडे बांधलं, निर्धास्त होऊन मॅटवर उतरला, आणि त्याचा खांदा आणखी तीनदा निखळला. आता नुसती शिवण पुरणार नाही. शेजारच्या हाडाचा तुकडा आणून खोबणीला जोडायचं लातार्जे ऑपरेशन त्याला सांगितलं आहे.

काकूंचा प्रश्न मुळातच वेगळा होता. साठीतला खांदा पुन्हा निखळण्याची भीती बरीच कमी असते. तिथे धोका असतो तो हात उचलणारे स्नायुबंध, म्हणजे रोटेटर कफ, फाटण्याचा आणि बगलेतली नस दुखावण्याचा. एडिंबरातच ३,६३३ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एक तृतीयांश लोकांत स्नायुबंध फाटलेले किंवा ते जिथे चिकटतात ते हाड मोडलेलं होतं, आणि १३.५ टक्क्यांत नसेची इजा होती. म्हणून चाळिशीपुढच्या माणसाला सांधा बसल्यावर दोन-तीन आठवड्यांनीही हात स्वतःहून वर नेता येत नसेल, किंवा दंडाचा वरचा बाहेरचा भाग बधिर असेल, तर ‘दुखतंय म्हणून जात नसेल’ असं समजू नका. सोनोग्राफी किंवा एमआरआय करा. काकूंचा फाटलेला कफ अडीच महिन्यांनी सापडला, तो पट्टीआड झाकला गेला होता.

रोजच्या फिजिओथेरपीबद्दल लिहिताना मला माझ्याच व्यवसायाच्या विरोधात जाणारी गोष्ट सांगावी लागेल. ब्रिटनमध्ये ४१ ठिकाणी ४८२ लोकांवर झालेली आर्टिसन चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. सरासरी वय ४५, खांदा पहिल्यांदाच निखळलेला, ऑपरेशन नाही. निम्म्यांना फिजिओथेरपिस्टने एकदा तपासून नीट सल्ला दिला, बाकीच्यांना त्याशिवाय पुढची सत्रंही दिली. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नव्हता. व्यायाम निरुपयोगी आहेत, असं यातून निघत नाही. दोन्ही गटांना व्यायाम सांगितलेच होते. बहुतेकांना ते घरी करता येतात, इतकंच. तरुण आणि पुन्हा पुन्हा निसटणाऱ्यांचं थोडं निराळं आहे: डेन्मार्कमधल्या ५६ जणांच्या एका छोट्या चाचणीत बारा आठवडे देखरेखीखाली केलेले व्यायाम घरच्या व्यायामांपेक्षा सरस ठरले. मी आता काकूंसारख्यांना रोज बोलवत नाही. व्यायाम शिकवते, कागदावर लिहून देते, आणि तीन आठवड्यांत हात वर गेला नाही तर फोन करा म्हणून सांगते.