भिंतीच्या पोटातलं

दिवाळीच्या तोंडावर बडोद्यातला रंगारी ‘काले आवीश’ म्हणतो आणि लाभपाचमीनंतर उगवतो. त्यामुळे बैठकीची खोली यंदा घरच्या घरी रंगवायची, असं बायकोनं जाहीर केलं आणि मला दुकानात पिटाळलं. दुकानदारानं रोलर, पुट्टी, प्रायमर, १२० आणि २२० नंबरचे पॉलिश पेपर बांधून दिले आणि पैसे घेतल्यावर म्हणाला, “कलर तो सहेलो छे साहेब, पण भींत घसवी पडशे.”

आमचं घर दांडिया बाजारातलं, भिंती चुन्याच्या. अशा भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट लागते. मधल्या काळात कुणीतरी धुवायला सोपं म्हणून खाली ऑइल पेंटचा तीन फुटी पट्टा मारून ती वाट बुजवलेली. मग ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि रंग पापडासारखा सुटतो. म्हणजे आधी सगळं खरवडणं आलं.

क्रीमखाली पिस्ता निघाला, पिस्त्याखाली गुलाबी डिस्टेंपर.

“अगंबाई, माझ्या लग्नातला रंग!” आत्या ओरडली.

“तुझ्या लग्नात निळा होता. चुन्यात नीळ घातलेला,” काका खुर्चीतून म्हणाले. “गुलाबी माझ्या मुंजीतला.”

“निळा आप्पांच्या वेळचा!”

निवाडा करायला पुण्याच्या आत्याला व्हिडिओ कॉल लावला. तिला नीट दिसेना. “जरा डावीकडे खरवड रे. आता वर. तिथे नको, कोनाड्याजवळ.” पत्ती माझ्या हातात होती, पण खोदकाम पुण्याहून चाललं होतं. धूळ नाकात, कानात आणि, बायकोच्या म्हणण्याप्रमाणे, बेसनाच्या डब्यात.

या गावाला भिंतींचं वेड पहिल्यापासूनच. तांबेकर वाड्यातली एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रं पुरातत्त्व खातं सांभाळतंय. कीर्ती मंदिराच्या भिंतीवर नंदलाल बोसांनी गंगावतरण रंगवलं. आमच्या भिंतीवर निळ्या थराखाली निघाला पेन्सिलीत लिहिलेला दुधाचा हिशेब. अक्षर आजीचं. दूध, दूध, खाडा, दूध. आणि खाली एक ओळ: ‘बाळूला २ रु. दिले. परत नाहीत.’

बाळू म्हणजे काका.

“हा कोपरा रंगवायचा नाही,” आत्या म्हणाली. “काच लावून ठेवायचा.”

आतापर्यंत खुर्ची न सोडलेले काका उठले, बाह्या सरसावल्या आणि थापी घेऊन पुट्टीत हात घातला.

“काका, आधी भिंत घासायची, मग प्रायमर, तो वाळला की...”

“तू बाजूला हो.”

त्या कोपऱ्याइतकी गुळगुळीत जागा आता घरात दुसरी नाही. पुट्टी पुन्हा फुगणारच, चुन्यावर ती टिकत नाही, पण काकांना पुढच्या पावसाळ्याची फिकीर नव्हती. त्यांना आत्याच्या मोबाइलची असायला हवी होती. घरच्या ग्रुपवर फोटो केव्हाच गेला होता, आणि बँकेतून निवृत्त झालेल्या पुण्याच्या काकांनी संध्याकाळपर्यंत दोन रुपयांवरचं चक्रवाढ व्याज काढून पाठवलं.