घड्याळं जमवावीत, वेळ मोबाईलवर पाहावी

पहिलं घड्याळ वेळ पाहायला घ्या, त्यात कोणी खोट काढणार नाही. दुसऱ्यापासून मात्र सबब लागते, आणि संग्राहकाचा खरा कस घड्याळ पारखण्यात नव्हे, सबब शोधण्यात लागतो. सेकंदकाट्याची सबब सगळ्यांत सोपी. साध्या क्वार्ट्झचा, म्हणजे सेलवर चालणाऱ्या घड्याळाचा, काटा सेकंदागणिक टुणकन उडी मारतो. ऑटोमॅटिकचा, म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरणाऱ्या यांत्रिक घड्याळाचा, तासाला 28,800 ठोके, म्हणजे सेकंदाला आठ पावलं टाकत तरंगत जातो. आता क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो आणि महिन्याकाठी फार तर पंधरा-वीस सेकंद चुकतो, तर अचूकतेचं क्रोनोमीटर प्रमाणपत्र मिळवलेल्या यांत्रिक घड्याळालासुद्धा रोज 4 सेकंद मागे पडायची किंवा 6 सेकंद पुढे पळायची मुभा असते, हे घरच्यांना सांगू नका. कैकपट पैसे मोजून कमी अचूकता विकत घेण्याला अभिरुची म्हणतात.

घेताना फक्त व्यास विचारा. 42 मिलिमीटर म्हटलं की पुरे. वरच्या लगच्या (पट्टा अडकवायच्या शिंगाच्या) टोकापासून खालच्या लगच्या टोकापर्यंतचं अंतर हे खरं माप. ते मनगटाच्या सपाट भागापेक्षा जास्त भरलं तर घड्याळ दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावतं. पण मोजपट्टी वापरली तर परत विकायचा आनंद कुठून मिळणार?

जुन्याचा नाद लागला की तबकडी नव्यासारखी लखलखीत असलेलंच निवडा. साठ वर्षं ऊन, घाम आणि दमट हवा सोसून ती तशीच राहिली, यावर श्रद्धा हवी. भिंग मुळीच लावू नका. लावलंत तर अक्षरांच्या कडा जाडसर, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी न जुळणाऱ्या आणि कंपनीचं नाव किंचित तिरकं दिसेल, म्हणजे तबकडी पुन्हा रंगवलेली. काट्यांवरचा चमकता लेप पिवळा आणि तबकडीवरचा पांढराशुभ्र असेल तर काटे दुसऱ्याच घड्याळाचे. मशीन तिसऱ्याचं निघालं तर एका किमतीत तीन घड्याळं आली असं समजा. घड्याळाची केस (धातूचं कवच) पॉलिश करून घ्यायला विसरू नका: लगच्या धारदार कडा गोल झाल्या की मूळ आकार कायमचा जातो. आणि लेप किरणोत्सारी रेडियमचा असेल तर झाकण घरीच उघडून फुंकर मारा. त्याची चमक विझली म्हणून रेडियम विझलं असं कोण म्हणतं? त्याचं अर्धायुष्य 1,600 वर्षांचं आहे, धूळ मात्र ताजी.

तारीख बदलायची ती रात्री अकरालाच. साधारण रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारखेची चकती फिरवणारं चाक आधीच तिच्या दातांत अडकलेलं असतं. अशा वेळी क्राउन (बाजूची चावी) एक टप्पा बाहेर ओढून झटपट तारीख फिरवली की एखादा दात तुटतो आणि चौकटीत अर्धा 7, अर्धा 8 असा नवाच दिवस उगवतो. काटे आधी साडेसहावर आणून मग तारीख लावणारे लोक भित्रे. तारीख दुरुस्त करायची संधी एरवी वर्षातून पाचदाच मिळते, 31 पेक्षा कमी दिवसांच्या महिन्यांमुळे. पण ऑटोमॅटिक न घालता ठेवलं की बहुतेक दोनेक दिवसांत थांबतं. म्हणजे डबीत सात असतील तर ही संधी रोजचीच.

पाण्याचं काय? मागे 30 मीटर लिहिलंय ना, मग मारा सूर. हा आकडा प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा. प्रत्यक्षात त्याचा अर्थ हात धुताना उडणारे शिंतोडे, इतकाच. पोहायला 100 मीटरचं लागतं, आणि तेही गॅस्केट (पाणी अडवणारं रबरी कडं) मऊ असेपर्यंत. सेल बदलताना गॅस्केट तपासू नका, दाबाची चाचणी तर नकोच. वर गरम शॉवरखाली उभे राहा, वाफ आत शिरते. मग काचेच्या आतून धुकं आलं की तांदळाच्या डब्यात पुरा. तांदूळ ओला होणार नाही, गंज मात्र निवांत चढेल.

घड्याळ अचानक दिवसाला दहा मिनिटं पुढे पळू लागलं तर ताबडतोब पूर्ण सर्व्हिसिंगला टाका. बहुधा ते स्पीकरजवळ किंवा टॅब्लेटच्या चुंबकी कव्हरवर पडून राहिलेलं असतं. हेअरस्प्रिंगचे, म्हणजे आतल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटतात, तिची लांबी जणू कमी होते आणि ठोके राखणारं बॅलन्स व्हील घाईघाईने झुलतं. चुंबकत्व घालवणाऱ्या डीमॅग्नेटायझरवर ठेवून काही सेकंदांत हे सुटतं, पण स्वस्त उपायाला संग्राहकांत मान नाही.

पट्टे बदलत राहा. लगवर चिकटपट्टी न लावता लोखंडी टोकाने स्प्रिंग बार (पट्टा धरून ठेवणारी बारीक कांडी) उचकटला की प्रत्येक बदलाची नोंद ओरखड्यात उमटते.

राहिली ती बंद पडलेली क्वार्ट्झ घड्याळं. ती सेलसकट खणात ठेवा. संपलेला सेल सावकाश पाझरतो आणि त्यातला अल्कली संपर्कपट्ट्या, मग सर्किट खात जातो. सेल काढून ठेवणं दोन मिनिटांचं काम आहे, पण तेवढ्यात दाराशी नव्या घड्याळाचं पार्सल आलेलं असतं.