साठीनंतरची वजन घटवण्याची शस्त्रक्रिया आणि आठवडाभराच्या मुक्कामाचा आग्रह

‘साठी ओलांडलेल्या माणसाला वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर किमान आठवडाभर रुग्णालयात ठेवलेच पाहिजे, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी सोडणे म्हणजे खाट रिकामी करण्याची घाई,’ असा मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्यामागची काळजी खरी असली, तरी त्यात दिलेली तिन्ही कारणे तपासल्यावर टिकत नाहीत.

पहिले कारण वयाचे. वयाबरोबर गुंतागुंतीचा धोका काहीसा वाढतो, हे मान्यच आहे. मात्र या शस्त्रक्रियेच्या अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये संयुक्तपणे दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत वयाची वरची मर्यादा ठेवलेली नाही. अंगातली ताकद, आकलन आणि अवयवांची स्थिती यांना त्यांत महत्त्व दिले आहे.

दुसरे कारण असे, की सात दिवस निघाले म्हणजे धोका टळला. मुख्य गफलत इथेच आहे. रक्तस्राव बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांतच कळतो, आणि तेवढा मुक्काम सहसा होतोच. जठराच्या शिवणीतून होणारी गळती मात्र दुसऱ्या आठवड्यातही उघड होऊ शकते, आणि पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी होण्याचा धोका काही आठवडे राहतो. म्हणूनच जास्त जोखमीच्या रुग्णांना घरी गेल्यावरही रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू ठेवतात. गळतीची पहिली खूण बहुतेकदा पोटदुखी नसून वाढलेली नाडी असते. त्यातही ज्येष्ठांपैकी अनेकजण रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी नाडी मंद ठेवणाऱ्या गोळ्या घेत असल्याने ती खूणही दबून जाते. अशा रुग्णाची नाडी ९५ दिसली म्हणून घरच्यांनी निर्धास्त राहू नये.

तिसरे कारण विश्रांतीचे, म्हणजे रुग्णालयात पडून राहिल्याने ज्येष्ठ माणूस लवकर सावरतो, असे. प्रत्यक्षात पडून राहण्याने नुकसानच होते. निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणात ठेवून पाहिले असता त्यांच्या पायांतील जवळपास एक किलो स्नायू घटल्याचे आढळले होते. शिवाय अनोळखी खोली आणि मोडलेली झोप यांमुळे वयस्क माणसाला भ्रम होण्याची शक्यता वाढते, ती वेगळीच.

मग डिस्चार्ज कशावर ठरावा? ताप नसणे, गोळ्यांनी दुखणे आटोक्यात राहणे, आधाराविना चालता येणे, लघवी मोकळी होणे (प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांत हे गृहीत धरू नये) आणि, सर्वांत महत्त्वाचे, पाणी पोटात टिकणे. घरी गेलेला रुग्ण परत दाखल होतो तो पुष्कळदा पाणी कमी पडल्यामुळे. ३० मिलीलीटरच्या कपाने दर पंधरा मिनिटांनी घोट घेतला, तर दीड लिटरला साडेबारा तास लागतात, म्हणजे जागेपणाचा जवळजवळ सगळा वेळ. वयामुळे तहान कमी लागणाऱ्याला हे कोणीतरी शेजारी बसून करून घ्यावे लागते. इन्सुलिन आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांचा जुना डोस खाणे घटल्यावर तसाच चालू राहिला, तर साखर किंवा रक्तदाब एकदम उतरतो. त्यामुळे बदललेली औषधांची यादी हातात पडल्याशिवाय बाहेर पडू नये.

घोरण्याच्या आजारामुळे रात्री ऑक्सिजन घसरणारा, घोटभर पाणीही उलटून टाकणारा किंवा घरी एकटाच राहणारा रुग्ण चौथ्या दिवशीही थांबला तर ते योग्यच. तिथे घाई नकोच, मग त्याचे वय ४५ असले तरी.