दरोडेखोराच्या नावाचा फलक

‘लुटालूट करणाऱ्याची यात्रा काढायची? उद्या कोणाकोणाची काढाल?’ आमच्या सासवडच्या शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर पुण्यातल्या एका वकीलमित्राने हे टाकलं, त्याला आठवडा होत आला आणि माझं डोकं अजून ठिकाणावर नाही. निमित्त अगदी साधं होतं. गटातल्याच एका मास्तरने सुचवलं की, इंग्रजांविरुद्ध उठलेल्या उमाजी नाईकांच्या वाटेने मुलांची एक सहल नेऊ. भिवडीचं जन्मस्थान, पुरंदर, जिथे ते पकडले गेले ते भोरजवळचं उत्रोळी आणि शेवटी पुण्यात खडकमाळ आळीतली मामलेदार कचेरी. ३ फेब्रुवारी १८३२ला त्यांना फाशी दिली ती जागा. जमलं तर चारही ठिकाणी चार ओळींचे फलक. एवढंच. पण एकाने ‘आद्य क्रांतिवीर’ म्हणून ठणकावलं, दुसऱ्याने जात काढली, तिसरा गट सोडून गेला आणि संध्याकाळी परत आला. सहल राहिली बाजूला.

मी राहतो ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरियातल्या वँगरॅटाला. इथून फ्रीवेला लागलं की चहा थंड व्हायच्या आत ग्लेनरोवन येतं आणि गावात शिरताच इथला गाजलेला दरोडेखोर नेड केली, सहा मीटर उंच पुतळा होऊन, डोक्यावर लोखंडी टोप आणि हातात बंदूक घेऊन उभा दिसतो. लाँग वीकेंडला त्याच्या पायाशी कॅरॅव्हॅनवाल्यांची फोटोसाठी झुंबड असते. तिथून बीचवर्थ, जिथे त्याला कोर्टात उभं केलं. तिथल्या बेकरीत त्याच्या नावाची ‘पाय’, म्हणजे मांस भरलेली भाजलेली कचोरीसुद्धा मिळते. मग स्ट्रिंगीबार्क क्रीक, मग मेलबर्नचा जुना तुरुंग. अख्ख्या ईशान्य व्हिक्टोरियात ही वाट नकाशांसकट आखलेली आहे आणि मोटेलपासून पेट्रोल पंपापर्यंत सगळे तिच्यावर चार पैसे कमावतात.

आता हा केली काही संत नव्हता. बाप आयर्लंडमधून दोन डुकरं चोरल्याबद्दल काळ्या पाण्यावर आलेला. पोरगा घोड्यांच्या भानगडीत तुरुंग पाहून आलेला. ऑक्टोबर १८७८मध्ये स्ट्रिंगीबार्क क्रीकवर त्याच्या टोळीने केनेडी, स्कॅनलन आणि लॉनिगन हे तीन पोलीस मारले. दोन बँका लुटल्या. डोक्यावर आठ हजार पौंडांचं बक्षीस लागलं. वकीलसाहेबांच्या हिशेबाने याच्या नावाची पाय खाणारा प्रत्येक माणूस आत जायला हवा.

पण वकीलसाहेब, एक विचारू? केलीने जेरिल्डेरीची बँक लुटली तो महिना फेब्रुवारी १८७९. त्याच महिन्यात वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशांना बरोबर घेऊन शिरूर तालुक्यातल्या धामारीवर धाड घातली. पैसा घरातूनच उचलला, माणसं तीच, कारणही इंग्रजच. शाळेत फडक्यांवर निबंध लिहून तुम्ही बक्षीस मिळवलंत, त्यात ‘दरोडा’ हा शब्द नव्हता. मग पन्नास वर्षं आधी उमाजीने तेच केलं तर तो लुटारू कसा? उत्तर गटावरच्या प्रत्येकाला माहीत आहे, म्हणून कोणी देत नाही.

रामोशी म्हणजे पुरंदरचे राखणदार. पेशवाई गेली, इंग्रजांनी राखण काढून घेतली, वतनं गेली. ज्यांच्या भरवशावर गडाखालची गावं झोपायची, त्यांनाच चोर ठरवलं. उमाजीला धरल्यावर कॅप्टन मॅकिंटॉशने कोठडीत त्याच्याकडून माहिती काढून घेतली आणि १८३३ साली रामोशांवर पुस्तकच छापलं. म्हणजे आपल्या माणसाची गोष्ट आपल्याला कळते ती त्याला पकडणाऱ्याच्या लेखणीतून. केलीने निदान जेरिल्डेरीच्या लुटीच्या सुमारास आपल्या सोबत्याला सांगून सुमारे आठ हजार शब्दांचं पत्र लिहून घेतलं होतं. शिव्याशाप, आईवरचा अन्याय, पोलिसांची लफडी, सगळं त्यात आहे. आज ते मेलबर्नच्या स्टेट लायब्ररीत जपलेलं आहे.

त्या लायब्ररीकडे मी प्रत्येक पाहुण्याला नेतो. दारात सर रेडमंड बॅरीचा पुतळा. लायब्ररी उभी करण्यात याचा मोठा वाटा, आणि केलीला फाशी सुनावणारा न्यायाधीशही हाच. त्याच्या पाठीमागे, आत काचेत, केलीचं चिलखत. नांगराच्या लोखंडी पाट्या ठोकून केलेलं, चाळीस किलोंच्या वर. छातीवर गोळ्यांचे पोचे स्पष्ट दिसतात. पायांना मात्र काहीच नव्हतं, आणि जून १८८०च्या त्या पहाटे पोलिसांनी त्याला पायांवरच गोळ्या घालून आडवा केला. न्यायाधीश दारात, गुन्हेगार घरात. कोणी कोणाला हटवा म्हणत मोर्चा काढत नाही.

इथे पाहुणे माना डोलावतात आणि मला आपणच ते चिलखत घडवल्यासारखं वाटतं.

सोयीचं तेवढं सांगतोय, हे मला कळतं. मॅन्सफील्डच्या चौकात त्या तीन पोलिसांचं स्मारक १८८० सालापासून उभं आहे, आणि तिथे केलीचं कौतुक करून बघा, कॉफी थंडच मिळेल. ग्लेनरोवनला टोळीने तिथल्या सराईमध्ये लोकांना ओलीस धरलं होतं. पोलिसांच्या गोळ्यांनी त्यांतलेच काही मेले, सराईवाल्या जोन्सबाईंचा कोवळा पोरगाही. टोळीने रूळ उखडलेत म्हणून लाल रुमाल आणि मेणबत्ती घेऊन पोलिसांची रेल्वे थांबवणारा कर्नो हा शाळामास्तर. त्याने गाडीभर माणसं वाचवली आणि त्याला गाव सोडावं लागलं. पोलिसांनी क्वीन्सलँडहून आणलेले आदिवासी माग काढणारे तर फलकांवर शोधावे लागतात. त्यांच्या वाट्याचं बक्षीसही त्यांच्या हाती पडलं नाही. आणि केलीची हाडं डीएनएवरून ओळखली गेली, तेव्हा घरच्यांनी जानेवारी २०१३मध्ये ग्रेटाच्या दफनभूमीत, आईच्या जवळपास, खूण न ठेवता पुरली. यात्रेकरू नकोत म्हणून. म्हणजे भांडण मिटलेलं नाहीच. भांडत भांडत तिकीट फाडतात, एवढाच फरक.

‘तिकडे बसून अक्कल शिकवू नकोस,’ असं गटावर कोणीतरी लिहिलंच. लागलं मला. कारण खरं आहे. ग्रेटाच्या फूटी (इथला फुटबॉल) क्लबात माझ्या शेजारी बसणाऱ्यांपैकी कोणाच्या पणजीने टोळीला भाकरतुकडा पोचवलेला असतो, तर कोणाचा पणजा पोलिसांत असतो. ते अजून एकमेकांना टोमणे मारतात. मला कोणी टोमणा मारत नाही. केलीबद्दल मी मोठ्या मनाने बोलू शकतो, कारण त्याने माझ्या कोणाचं काही नेलं नाही. या देशात माझा न्यायीपणा फुकटात पडतो.

पुरंदरच्या पायथ्याशी तो फुकटचा नाही. आम्ही कुलकर्णी. आजी सांगायची, नाईकाची माणसं रात्री वाड्यावर आली, बायकांच्या अंगाला हात लावला नाही, पण पेवातलं धान्य आणि नथी नेल्या. सांगताना आवाजात राग असायचा आणि थोडा दिमाखही, आपल्याकडे न्यायला काहीतरी होतं याचा. त्याच आजीच्या दारी येणाऱ्या रामोशाला पाणी वरून ओतत, हेही मी पाहिलंय. वकीलमित्राचं घर आमच्याच आळीत. त्याच्या रागाचा पत्ता मला पाठ आहे, म्हणूनच मी एवढा चिडलो असेन.

म्हणून मास्तरला वेगळं लिहिलं: पुरंदर लष्कराच्या ताब्यात आहे, ओळखपत्रं घेऊन जा आणि संध्याकाळच्या आत खाली या. उत्रोळीच्या फलकावर फितुरी आणि बक्षीस दोन्ही येऊ दे. खडकमाळच्या फलकावर मॅकिंटॉश असू दे. धामारीलाही एक लाव, म्हणजे वकीलसाहेब येतील. आणि ज्यांची घरं लुटली त्यांचाही एक हवा. आमच्या वाड्यापाशी लाव म्हणालो, पण परवानगी मला मागू नकोस. हक्कसोडपत्रावर मी केव्हाच सही केली आहे, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. चुलतभावाला विचार, तो गटावर आहे, उमाजीच्या विरोधात.